लिंबाने जंत मरत नाही

बांगड्याच्या कल्ल्यात पांढुरका, बारीक पायांचा किडा दिसला की शहरातून आलेले पाहुणे अख्खा वाटा फेकायला निघतात. आमची मासेवाली हसते. "काय होवचा नाय गो," म्हणते आणि नखाने तो उपटून मांजरापुढे टाकते. तिचं बरोबर आहे. तो कवचवाला परजीवी माशाच्या जिवावर जगतो, माणसाच्या पोटात त्याचा निभाव लागत नाही.

दखल घ्यायची ती पोटातल्या जंताची. आतड्यांवर गुंडाळी करून बसलेला, दोऱ्यासारखा. त्याचं नाव अनिसाकिस. देवमासा आणि डॉल्फिन हे त्याचे खरे यजमान, मासा नुसता वाटेतला मुक्काम. मासा मेल्यावर पोट काढायला उशीर झाला, तर यातले काही जंत मांसात शिरतात. सासूबाई पिशवी ओट्यावर टेकायच्या आत पोटं काढायला लावत. त्या कारण वासाचं सांगत, पण सवय लाखमोलाची होती.

एरवी आपलं रांधणंच आपल्याला वाचवतं. तुकडी आतपर्यंत ६० अंशांवर मिनिटभर राहिली की जंत मरतो, आणि तिरफळं घातलेलं तिखलं तर रटरटा उकळतं. जाड सुरमई मात्र काट्यापाशी कच्ची राहू देऊ नये, मग कुणी तिला 'ज्यूसी' म्हणो.

मला राग येतो तो किनाऱ्यावरच्या नव्या खुळाचा. कच्च्या माशाचे पातळ काप, वर लिंबू, आणि मालक छाती फुगवून सांगणार, "आत्ताच होडीतून उतरलाय!" अहो, तीच तर भीती. लिंबू, व्हिनेगर, आगळ, मिरची, यातल्या कशाचाही या जंतावर भरवसा नाही. नेदरलँड्समध्ये कमी मिठातला हेरिंग खाऊन लोकांची पोटं धरली, तेव्हा १९६८ साली तिथे मासा आधी गोठवण्याची सक्ती झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे उणे २० अंशांवर ७ दिवस, नाहीतर उणे ३५ वर गोठवून १५ तास. घरच्या फ्रीजरला हे जमेलच असं नाही.

बर्फातला मासा म्हणजे दुय्यम, हे आम्हा कोकण्यांच्या हाडात मुरलंय. शिजवायचा असेल तर खुशाल तसं म्हणा. कच्चा वाढणाऱ्याने मात्र पाटीवर 'ताजा' लिहिण्याऐवजी किती अंशांवर, किती दिवस गोठवला ते लिहावं. लिहायला तयार नसेल, तर मी तिथे सोलकढी पिऊन उठेन.