जाहीर इशारा : कैद्याचे शरीर सरकारजमा झालेले नाही

जळगाव आणि धुळे जिल्हा कारागृहांचे अधीक्षक, दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि शासकीय रुग्णालयांचे प्रमुख, हा इशारा तुम्हा सर्वांना आहे. कैद्याला अवयवाची गरज पडली तर तुम्ही काय करणार आणि कैद्याच्या अवयवाला हात लावायची वेळ आली तर कोणाला विचारणार, याची लेखी कार्यपद्धती येत्या 26 जानेवारीपर्यंत जाहीर करा. तोंडी आश्वासन आम्ही स्वीकारणार नाही.

न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते. त्याचे मूत्रपिंड, यकृत, डोळे जप्तीच्या यादीत नसतात. त्यातही देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही. घटनेचे जीविताचा हक्क देणारे कलम 21 तुरुंगाच्या दरवाजाशी थांबत नाही.

आधी डायलिसिसचे बोलू. किडन्या निकामी झालेल्या माणसाला सहसा आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास डायलिसिस लागते. कारागृहातून त्याला बाहेर न्यायचे तर पोलीस मुख्यालयातून गार्ड यावा लागतो. सण, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा आला की बंदोबस्त तिकडे वळतो आणि कागदावर शेरा पडतो, ‘गार्ड उपलब्ध नाही’. कोर्टाची तारीख पुढे ढकलता येते. रक्तात साठणारे पोटॅशियम थांबत नाही, ते वाढत गेले की हृदय बंद पडते. ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) केलेला असतो त्या हाताला डॉक्टर रक्तदाबाची पट्टीसुद्धा बांधू देत नाहीत. त्याच मनगटावर बेडी आवळली तर रक्त गोठून फिस्टुला कायमचा निकामी होऊ शकतो. रावेर-यावलची केळी आपल्याला अभिमानाची, पण पोटॅशियममुळे या रुग्णाला ती वर्ज्य. पाणीही मोजून प्यायचे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबलेल्या बराकीत हे सगळे कोण सांभाळतो, त्या माणसाचे नाव आणि हुद्दा आम्हाला कळला पाहिजे.

कैद्याला अवयव मिळू नये, असे 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कैद्यावर हृदय प्रत्यारोपण झाले तेव्हा तिथेही ओरड झाली. पण कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून डोळेझाक करणे ही क्रूर शिक्षाच आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच ठरवून टाकले होते. आपल्याकडे आजारी कच्च्या कैद्याला जामीन देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये आहे. तरतूद आहे म्हणून जामीन आपोआप मिळत नाही, वैद्यकीय अहवाल वेळेवर न्यायालयात पोहोचावा लागतो. तो अहवाल टेबलावर पडून राहिला तर जबाबदारी ज्याच्या टेबलावर तो पडला त्याची.

आता 1994 च्या प्रत्यारोपण कायद्याचे कलम 5 वाचा. रुग्णालयात किंवा तुरुंगात पडून असलेल्या मृतदेहावर 48 तासांत जवळच्या नातेवाइकाने हक्क सांगितला नाही, तर अवयव काढण्याची परवानगी तिथला प्रमुख देऊ शकतो. नातेवाईक येण्याची शक्यता वाटत असेल तर मात्र त्याला तसे करता येत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर, शिरपूर किंवा चोपड्याच्या डोंगरात राहणाऱ्या आईला मुलगा गेल्याचा निरोप कधी पोहोचणार? ती गाडीभाड्याची सोय करून जिल्ह्याच्या गावी कधी येणार? ‘कोणी आले नाही’ असे लिहायला घड्याळातले 48 तास पुरेसे नाहीत. शिवाय कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकारी चौकशी होते आणि जिथे मृत्यूची चौकशी लागण्याची शक्यता आहे तिथे कलम 4 अवयव काढण्यास आडवे येते. वैद्यकीयदृष्ट्याही दोन दिवसांनी त्या देहातले मूत्रपिंड किंवा हृदय कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही, डोळेसुद्धा मृत्यूनंतर साधारण सहा तासांत घ्यावे लागतात. रुग्णाला ज्याचा लाभ नाही आणि पुरावा मात्र नष्ट होऊ शकतो, अशा कागदावर सही करू नका.

जिवंत कैद्याच्या दानाबद्दलही स्पष्ट सांगतो. आपल्या मुलाला किंवा बहिणीला किडनी द्यावी असे कैद्याला वाटले तर त्याला अडवू नये. केरळ सरकारने 2018 मध्ये जवळच्या नातेवाइकांसाठी ही मुभा देण्याचा निर्णय घेतला. पण दानाच्या बदल्यात शिक्षेत सूट हा सौदा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2023 मध्ये असे विधेयक आले आणि टीकेपुढे मागे पडले. चीनने मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव वर्षानुवर्षे वापरले आणि जगाची छी-थू झाल्यावर 2015 पासून ते थांबवल्याचे जाहीर केले. कोंडलेल्या माणसाचा होकार नेहमी दोनदा तपासावा लागतो.

दलालांनीही कान उघडे ठेवावेत. कर्जापायी किडनी विकायला लावण्याचे प्रकरण 2015 मध्ये अकोल्यात उघडकीस आले आहे. वकिलाच्या फीसाठी, जामिनाच्या रकमेसाठी कैद्याच्या घरच्यांना कोणी किडनीचा भाव सांगितला तर त्याला 5 ते 10 वर्षे कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड होऊ शकतो.

आमच्या मागण्या :

1. डायलिसिसचा गार्ड कोणत्याही कारणाने रद्द होणार नाही. एक खेप जरी चुकली तरी त्याच दिवशी न्यायालयाला लेखी कळवावे.

2. प्रत्यारोपणाची गरज असलेल्या कैद्याची प्रतीक्षा यादीत नोंद करावी. प्रत्यारोपण झालेल्याची औषधे दर 12 तासांनी, एकही गोळी न चुकता मिळावीत.

3. नातेवाइकांना निरोप पोहोचल्याचा पुरावा असल्याशिवाय कलम 5 वापरू नये.

4. कैद्याचा दानाचा होकार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलासमोर, कारागृहाचा कर्मचारी हजर नसताना घ्यावा.

26 जानेवारीपर्यंत उत्तर आले नाही तर 27 जानेवारीला दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर बेमुदत धरणे सुरू होईल आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल. त्यात पदे नव्हे, अधिकाऱ्यांची नावे प्रतिवादी असतील. ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी आजच कारागृहात लेखी अर्ज द्यावा, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा आणि ती पोच जपून ठेवावी. न्यायालयात तीच कामाला येईल.