टाकी तुंबली म्हणून माणूस उतरवू नका



दौंड तालुक्यातील खुटबावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, पण प्रश्न आपल्या पुष्कळ घरांतला आहे. त्या लिहितात, "घरामागे तीन फूट लांब, रुंद आणि खोल अशी सिमेंटची टाकी आहे. मोरीचे आणि भांड्यांचे पाणी तीत पडते, तिथून शोषखड्ड्यात जाते. पहिली दोन वर्षे त्रास नव्हता. आता पाणी उतरतच नाही. रोज पहाटे मी आणि सून बादल्यांनी उपसतो. कुठे टाकावे यावरून शेजारी भांडणे होतात. संडासाची टाकी वेगळी आहे, तीही भरत आली आहे. गावातले एक जण म्हणतात, पाचशे रुपये द्या, एका पोराला उतरवून दोन्ही टाक्या साफ करून देतो. काय करावे?"

ताई, त्या पोराला उतरवू नका. हे पहिले उत्तर. का, ते पुढे येईलच. आधी मोरीच्या पाण्याचे पाहू.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून आधी जमाखर्च मांडतो. घरात पाच माणसे धरू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे पाच जणांचे २७५ लिटर. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे रोज सुमारे २२० लिटर. तुमची टाकी २७ घनफुटांची, तीत साडेसातशे लिटरच्या आसपास पाणी मावते. अगदी कोरडी टाकी असली तरी साडेतीन दिवसांत भरणार. गवंड्याने टाकी दुप्पट मोठी बांधून दिली तर आठवडाभरात भरेल. तेव्हा मोठी टाकी हा उपाय नव्हे. जमा होते तेवढे रोज खर्ची पडले पाहिजे, आणि तो खर्च शोषखड्ड्यात होतो.

आता अडले कुठे ते शोधा. झाकण काढून बाजूला ठेवा, लांब उभे राहून पाहा. टाकीतून खड्ड्याकडे जाणारी नळी बहुधा वरच्या बाजूला असते. त्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी उभे असेल तर तो बिघाड नव्हे. गाळ तळाशी बसावा म्हणूनच नळी वर ठेवतात. पाणी नळीचे तोंड बुडवून वर चढले असेल तरच पुढे अडले आहे. मोरीत पाणी तुंबते आणि टाकीत मात्र पातळी खाली आहे, असे असेल तर दोष मोरीच्या नळीत. टाकी भरलेली आणि खड्डा कोरडा असेल तर दोष दोहोंच्या मधल्या नळीत. टाकी आणि खड्डा दोन्ही भरलेले असतील तर दोष जमिनीत. एवढे पाहिल्याशिवाय कुदळ उचलू नका, पैसा वाया जातो.

पहिला दोष हवेचा. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल ढबढब करीत अडखळत येते. समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. पाणी बाहेर जायचे तर त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे. टाकीचे झाकण उघडले की पाणी भरभर उतरते आणि झाकण लावले की मंदावते, किंवा मोरीतून गुळगुळ आवाज येतो, असे असेल तर हवेची नळी तुंबली आहे असे समजा. तिच्या टोकाच्या जाळीत कोळिष्टके, पाला, कधी गांधीलमाशीचे घर असते. जाळी काढून धुवा आणि पुन्हा बसवा. जाळीविना नळी म्हणजे डासांना उघडे दार. नळीच नसेल तर बसवून घ्या. खर्च थोडा, गुण मोठा.

दुसरा दोष उताराचा. चार इंची नळीला दर दहा फुटांमागे तीन इंच उतार असावा. भरावाची माती खचली की नळीला मध्येच झोल पडतो, तिथे पाणी साचते आणि गाळ बसतो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतो, तीच रीत इथे वापरा. काटकोनी वळण असेल तर त्याऐवजी दोन निमुळती वळणे बसवा. काटकोनात भाताची शिते आणि केस हमखास अडकतात.

हाच नियम चाकांवरच्या टाकीलाही लागू आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर फिरत्या शौचालयांच्या गाड्या उभ्या असतात. अशी गाडी तिरपी उभी राहिली आणि निचऱ्याचे तोंड उंचावर गेले, तर झडप उघडूनही टाकीत पाणी उरते. आपल्या गावच्या कार्यक्रमाला अशी गाडी आणली तर स्वयंसेवकांनी ती उभी करतानाच निचऱ्याची बाजू किंचित खाली येईल असे पाहावे. नंतर कुणाला घाणीत हात घालावा लागू नये.

तिसरा दोष चिकट्याचा. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा पांढरा लगदा होतो. त्यात कढईचे तेल, भांडी घासायची राख, चहाचा चोथा आणि केस मिसळले की नळीच्या आत थरावर थर चढतो. उपाय साधा आहे. बांबूच्या लांब कांबीला चिंधी घट्ट बांधून नळीत मागेपुढे सारा, मग धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी ओता. उकळते पाणी नको, प्लॅस्टिकची नळी नरम पडते. ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. पुढे हे टाळायचे तर कढई धुण्याआधी कागदाने पुसा, मोरीला बारीक जाळी लावा, आणि टाकीतला गाळ दर दोन-तीन महिन्यांनी वरूनच, लांब दांड्याच्या डब्याने काढा.

चौथा दोष जमिनीचा. खुटबावसारख्या गावात तोच असण्याचा संभव जास्त. दौंडच्या या पट्ट्याला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते, ऊस होतो. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून पिकाला चांगली, पण त्याच गुणामुळे शोषखड्ड्याला वाईट. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणे थांबते. त्यातून खड्ड्यातल्या दगडांवर साबणाचा चिकट थर बसला की खड्ड्याची टाकीच झाली म्हणायची.

परीक्षा करा. नव्या जागी फूटभर खोल खळगा घ्या, पाणी भरून मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात किती इंच उतरते ते काडीने मोजा. जेमतेम उतरले तर काळ्या मातीत खड्डा करण्यात अर्थ नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा. खळग्यात आपोआप पाणी झिरपून येत असेल तर तिथे खड्डा घेऊच नका. ते पाणी केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्याला द्या. जागा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब असावी आणि घराच्या पायाला लागून नसावी.

खड्डा साधारण चार फूट लांब, रुंद, खोल. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम, त्यावर विटांचे तुकडे आणि खडी. वर भोके पाडलेला माठ, त्यात नारळाच्या शेंड्या. पाणी माठातून गाळून खाली जाते, कचरा माठातच राहतो, आणि बदलायच्या त्या फक्त शेंड्या. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास हटवले. हे काम कुणी बाहेरून येऊन केले नाही, गावाने केले.

जागा असेल तर दोन खड्डे करा आणि आलटून पालटून वापरा. एक विश्रांती घेतो तेव्हा त्यातला चिकट थर वाळून सुटतो. जुना खड्डाही टाकून देऊ नका. पूर्ण कोरडा पडल्यावर वरून दगड काढा, धुऊन उन्हात वाळवा, बाजूची माती दोन इंच खरवडा आणि दगड पुन्हा भरा. मात्र त्या खड्ड्यात संडासाच्या टाकीचे पाणी येत असेल तर त्याला हात लावू नका.

आता त्या पोराविषयी. संडासाच्या टाकीत मैला कुजतो आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू साचतात. श्वासाला हवा उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. "वास येत नाही, म्हणजे आत वायू नाही" हा समज म्हणून जीवघेणा आहे. एक खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मार्च २०२२ मध्ये, खुटबावहून पुण्याकडे जाणाऱ्या याच वाटेवर, लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टाकीच्या कामात चार माणसे दगावली.

अशा टाकीत उतरायला कुणाला बोलावतात, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. गावाच्या गटाराचे तोंड कुठल्या वस्तीकडे काढतात, तेही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मग आपल्याच अंगणात, आपल्याच पाचशे रुपयांनी, तेच काम दुसऱ्या गरिबाच्या पोराकडून करून घ्यायचे काय?

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवले तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूबद्दल वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले; २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली. पण तीस लाखांनी आईला मुलगा परत मिळत नाही.

संडासाची टाकी दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या गाडीकडूनच रिकामी करून घ्यावी. गाडीची नळी आत जाते, माणूस बाहेर राहतो. एका घराला भाडे जड वाटत असेल तर आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलवा आणि फेरीचा खर्च वाटून घ्या. उपसा कुठे नेऊन टाकणार हेही विचारा, ओढ्यात टाकू देऊ नका. टाकी उघडी असताना जवळ विडी-काडी पेटवू नका आणि लेकरांना लांब ठेवा.

शोषखड्ड्यासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करा. रोजगार हमीतून आणि स्वच्छ भारत अभियानातून अनेक गावांत असे खड्डे झाले आहेत. तोंडी विचारून थांबू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. कारकुनी करणारा माणूस सांगतो, पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे. वस्तीतल्या दहा घरांचे अर्ज एकदम गेले तर ग्रामसभेत विषय घ्यावाच लागतो.

ताई, या आठवड्यात झाकण, जाळी आणि नळी एवढेच पाहा. खड्ड्याचे काम पाऊस सरल्यावर, जमीन कोरडी असताना काढा. तोवर उपसलेले पाणी केळीच्या बुंध्याशी ओता, म्हणजे शेजाऱ्यांशी भांडणही मिटेल. आणि त्या पोराला पाचशे रुपये द्यायचेच असतील, तर खड्डा खणायला द्या. उघड्यावरचे, कष्टाचे आणि मानाचे काम आहे ते.

जयभीम!