सुईआधीचे पंधरा दिवस

गेल्या ईदला एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वय पंचवीस, लग्न व्हायचंय. स्तनाच्या कर्करोगावर मुंबईत केमो आणि त्याच्या जोडीला इम्युनोथेरपी घेऊन बरी झालेली. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच धरून तिने हळूच विचारलं, "टीचर, मला मूल होईल ना?"

उपचाराआधी हा विषय तिच्याजवळ कोणीच काढला नव्हता. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी तर नाहीच. "कुंवारी पोर, तिच्यासमोर हे कसं बोलायचं?" हे अम्मीचं म्हणणं. मला हा संकोच कळतो, पण पटत नाही.

केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड अंडाशयातली बीजं घटवतं, हे जुनंच ज्ञान. इम्युनोथेरपीचं वेगळं. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं रोगप्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडतात (या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं). मोकळी सुटलेली ही शक्ती कधी थायरॉइडवर, कधी पिट्युटरी ग्रंथीवर घसरते, आणि पाळीची सूत्रं तिथूनच हलतात. शिवाय आईच्या शरीराने बाळाला परकं समजून हाकलू नये म्हणून वारेत हाच ब्रेक कामाला असतो. म्हणून ही औषधं चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतरही चार-पाच महिने गर्भ राहू देऊ नका, असं सांगतात. पुढे दार बंदच होतं असं मात्र नाही. या उपचारानंतर निरोगी बाळं झाल्याच्या नोंदी आहेत.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेल्या 'नेक्सकार१९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रक्ताच्या कर्करोगावरची ही कार-टी पद्धत पंधरा वर्षांपासून पुढच्यांना देता येते. पंधरा म्हणजे माझ्या दहावीतल्या मुली! पेशी सोडण्याआधी तिथेही सायक्लोफॉस्फामाइड देतात.

बीजं गोठवायला इंजेक्शनं धरून साधारण दोन आठवडे लागतात. ते पहिल्या सुईआधीच मिळाले तर मिळाले. खर्च आहेच, आणि कधी आजार तेवढं थांबूही देत नाही. पण निवड तरी त्या मुलीच्या हातात द्या. टाटापासून जवळच, परळच्याच केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. म्हणजे विद्या घराजवळ आहे, अडलंय ते आपल्या तोंडाशी.

दीनचं कारण सांगणाऱ्यांनी हे ऐकावं. नवरा-बायकोच्याच बीजापासून होणाऱ्या आयव्हीएफला अल-अझहरने १९८० मध्येच मान्यता दिली. अविवाहित मुलीने स्वतःची बीजं गोठवावीत का, यावर उलेमांत मतभेद आहेत. जरूर विचारा, पण वेळेत विचारा. 'लोक काय म्हणतील' हा काही फतवा नाही.

तिचे डोस संपून आठ महिने झालेत. पाळी अजून अनियमित आहे. पुढच्या आठवड्यात कुडाळहून गाडीने मुंबईला तपासणीसाठी जायचंय. अम्मी परवा फोनवर म्हणाली, "टीचर, तुम्ही पण चला. मला तिथे बोलता येणार नाही."

मी रजेचा अर्ज दिलाय.