राखाडी किल्ले आणि हिरवीगार टेबलं

सुरुवातीलाच सांगतो, हा लेख चिडून लिहिलाय. गेल्या दिवाळीत एका सोसायटीच्या किल्ला स्पर्धेत तीन पोरांनी केलेला किल्ला परीक्षकांनी शेवटच्या नंबरावर टाकला. कारण काय? "किल्ला घाण दिसतोय." पोरांनी बुरुजाच्या खाली काळपट ओघळ काढले होते, तटाच्या दगडांवर पांढुरके डाग टिपले होते, पायऱ्या मधोमध झिजवल्या होत्या. पहिलं बक्षीस मिळालं ते बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या किल्ल्याला. एकसारखा राखाडी रंग, त्यावर पांढऱ्या रेघांनी आखलेल्या विटा (हो, विटा!) आणि वर ऑइल पेंटचा तुकतुकीत हात. सह्याद्रीत असा किल्ला नाही. स्कॉटलंडमध्ये तरी असेल का, शंका आहे.

यात नुसतं दिवाळीच्या मंडळींना बोलून चालणार नाही. आमचे टेबलटॉप वॉरगेमवालेही त्याच माळेचे मणी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे सैनिक, एक मोठं टेबल, मोजपट्टी, फासे आणि लढाई. तसा हा जुना खेळ आहे. प्रशियाच्या राजासाठी राइसवित्झने 1812 साली यासाठी खास टेबल बनवलं होतं, प्लास्टरच्या तुकड्यांवर डोंगर-नद्या रंगवून. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच काढलं. तर आमचे लोक मावळे सुंदर रंगवतात. अंगरख्याच्या घडीघडीत सावली, पगडीच्या पेचावर उजेड, मिशीचा केस न् केस. आणि मग हा मावळा उभा कुठे करतात? इंग्लंडच्या कुरणासारख्या हिरव्यागार नकली गवतावर, राखाडी भिंतीसमोर. पाकिटावर रंगाचं नाव 'स्टोन ग्रे' असतं, संपला विषय. डीफॉल्ट सेटिंग बदलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला आळस आहे. छंदात तरी नको.

आता मुद्द्यावर येतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे हे निम्म्या हिंजवडीला ठाऊक नसतं. कोरीगड, घनगड, तैलबैला, कैलासगड, सगळे याच तालुक्यातले. म्हणजे ज्या दगडाचा रंग शोधायला आपण परदेशी व्हिडिओ बघत बसतो तो दगड एका रविवारच्या अंतरावर उभा आहे. पेठ शहापूरहून कोरीगडाच्या पायऱ्या चढा. तटबंदी अजून जवळजवळ अखंड आहे, सगळा फेरा मारता येतो. हातात रंगाची डबी घेऊन जा आणि तटाला लावून बघा. एकही राखाडी जुळणार नाही, पैज लावतो.

असं का? आपला दगड बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. नुकता फोडलेला दगड निळसर करडा दिसतो. पण त्यात लोह भरपूर. हवा-पाणी लागलं की ते गंजतं आणि दगड तपकिरी, तांबूस होतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे चांगला दिसतो. दगडाच्या बारीक पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. मग पाऊस. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर सहज पडतो, पुणे शहरात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. इतक्या पाण्यात दगडावर शेवाळं धरतं, ते उन्हाळ्यात वाळून काळं पडतं, पुढच्या वर्षी त्यावर नवं. ज्या भागात सावली जास्त तिथे जास्त. दगडफुलाचे पांढरे-पोपटी चट्टे वेगळेच. म्हणजे आपला 'काळा' कातळ हा मुळात तपकिरी दगडावरचा वाळलेल्या शेवाळाचा काळा आहे. म्हणून सोलापूरच्या भुईकोटाला जो रंग चालेल तो कोरीगडाला चालणार नाही. पाऊस वेगळा, तर रंगही वेगळा. इतकं साधं आहे हे.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे कातळ एका रंगाचा, तट दुसऱ्याच रंगाचा. गडावर पाण्याची टाकी असतात ना खोदलेली? ती खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरला जाई. खाण आणि टाकं एकाच खर्चात. त्यामुळे डोंगर आणि तट हा एकाच दगडाचा असतो आणि लांबून बघितलं तर कडा कुठे संपला, तट कुठे सुरू झाला हे कळत नाही. मॉडेलमध्येही कळता कामा नये. आधी दोघांना एकच बेस द्या, गेरूत थोडा काळा आणि थोडा बर्न्ट अंबर घालून. डबीतला निव्वळ काळा मारू नका. छोट्या वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, लांबची वस्तू नेहमी थोडी फिकी दिसते. बेस वाळला की चहासारखा पातळ काळपट-तपकिरी रंग सगळीकडून सोडा (त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे फटींत उतरतो). मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिका मातकट रंग. इथपर्यंत सगळेच येतात. पुढचं कोणी करत नाही. चर्यांच्या खाली, जंग्यांच्या तोंडाशी, जिथून पाणी वाहणार तिथून सरळ खाली ओघळ. स्पंजच्या तुकड्याने दगडफूल टिपायचं, पण ठराविक अंतरावर नाही. पायऱ्या मधोमध फिक्या, कडेला काळ्या. लोकांचे पाय जिथे पडतात तिथे शेवाळं धरत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो मोठ्या अभिमानाने येतो. "महाराजांच्या काळात किल्ले नवे होते. तुम्ही त्यांना पडके, शेवाळलेले का दाखवता?" आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून नीट उत्तर देतो.

एक तर पडका आणि पावसाळे बघितलेला यात फरक आहे. मी तट पाडा म्हणत नाहीये. दुसरं, कोरीगड, तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर हे 1657 मध्ये स्वराज्यात आले, म्हणजे त्याआधी कोणाकडे तरी होते! तेव्हाच ते जुने होते. तिसरं, ज्यांना शेवाळं म्हणजे शे-दोनशे वर्षांचं काम वाटतं त्यांनी मुळशीत कोणाचंही नवं फार्महाऊस बघावं. पांढरीशुभ्र कंपाउंड वॉल तीन पावसाळ्यांत कशी होते ते मालकाला विचारा, तो रंगाऱ्याच्या बिलासकट सांगेल. नवा तट दाखवायचाच असेल तर खुशाल दाखवा, निळसर घडीव दगड, सांध्यात ताजा चुना. पण तो पहिल्या एक-दोन वर्षांचा तट झाला. आणि तोही एकसारखा राखाडी नसतोच.

आता टेबलाकडे. मराठी फौजा निघायच्या दसऱ्याला. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, चिखल, बैल चालत नाहीत, मोहिमा बंद. लढायांचा हंगाम दसरा ते वैशाख. आता त्या दिवसांत मुळशी-मावळ कसा दिसतो ते आठवा. दिवाळीला गवत निम्मं पिवळं झालेलं असतं. फाल्गुनात डोंगर सिंहाच्या कातडीसारखे, मधेच वणव्याचा काळा पट्टा. खाचरांत भाताचे नुसते खुंट. उन्हाळा चढला की राब भाजल्याचे काळे चौकोन. कर्नल प्रॉथरने कोरीगडाला वेढा दिला तो मार्च 1818 मध्ये. तोफगोळ्याने दारूकोठार उडालं आणि गड पडला. लोहगड, विसापूर त्याच महिन्यात गेले, रायगड मे महिन्यात. हे सगळं वाळलेल्या गवतावर झालं. त्या वेढ्याचं टेबल कोणी हिरवंगार केलं तर त्याने मराठ्यांची शेवटची लढाई श्रावणात लढवली असं म्हणावं लागेल.

अजून एक. मुळशीचं टेबल म्हटलं की लोक हौसेने निळाशार तलाव ओततात, चकचकीत रेझिनचा. अरे, तो तलाव धरणाचा आहे! धरण 1920 च्या दशकातलं. त्याच्या विरोधात 1921 ते 1924 मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. 1657 किंवा 1818 च्या टेबलावर तिथे मुळेचं खोरं पाहिजे, गावं पाहिजेत, आंबेमोहोराची खाचरं पाहिजेत. जी गावं पाण्याखाली गेली त्यांना निदान खेळात तरी पुन्हा बुडवू नका.

"एवढं काय त्यात, मुलांचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांशी माझं खरं भांडण आहे. 2025 च्या जुलैत आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतलं जिंजी असे बारा जागतिक वारशाच्या यादीत गेले. मुळशीतला त्यात एकही नाही, म्हणजे कोरीगड-घनगडाची काळजी सरकारी पैशाआधी लोकांच्या नजरेवरच अवलंबून आहे. आणि ती नजर कुठे तयार होते? अंगणातल्या गोणपाट-मातीच्या ढिगाऱ्यावर. ज्या पोराला आठव्या वर्षी शिकवलं की ओघळ म्हणजे घाण आणि तुकतुकीत म्हणजे किल्ला, तो अठ्ठाविसाव्या वर्षी गडावर जाऊन "साफसफाई" म्हणून तारेच्या ब्रशने दगड घासणार, सांध्यात सिमेंट भरणार, दरवाज्याला वॉर्निश मारणार, आणि वर फोटो काढणार. वाईट हेतूने नाही, प्रेमानेच. त्याने पाहिलेला पहिला किल्ला तसा होता, दुसरं काय.

बरं, माझ्या पद्धतीला पैसे जास्त लागतात असंही नाही. बाजारातल्या प्लास्टरच्या किल्ल्याच्या किमतीत गेरू, चुना, दोन पोस्टर कलर आणि एक फाटका ब्रश येऊन वर कुंभारवाड्यातले पाच-सहा मावळे येतात. थर्माकोल आणूच नका, स्प्रे पेंट मारला की तो विरघळतो हे वेगळंच. हळीव पेरायचे असतील तर जरूर पेरा, ते चार दिवसांत उगवतात आणि पोरांना मजा येते. फक्त वसुबारसेच्या बरेच आधी पेरा आणि मग पाणी बंद करा. भाऊबीजेपर्यंत ते पिवळे पडतात, कडेने वाळतात. आई म्हणेल "उपटून टाक आता". टाकू नका. त्या दिवसांत कोरीगड तसाच दिसत असतो.