हजेरीपटाबाहेरची माणसं

१४ एप्रिल म्हटलं की बीडमध्ये चौकाचौकात निळे झेंडे लागतात आणि मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत जवान आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात. त्यामागची गोष्ट मुंबईच्या गोदीतली आहे. परवा मुंबईला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयातलं स्मारक बघून आलो.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. इंग्लंडहून निघतानाच त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा भरल्या होत्या. कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी चढवल्या. कप्तान नेस्मिथनं कुरकुर केली, पण लढाईच्या दिवसांत जहाजाचा कोपराही रिकामा ठेवायचा नव्हता. कापूस खाली आणि दारूगोळा त्याच्या वर! माजलगावच्या जिनिंगवरच्या एखाद्या हमालाला विचारलं असतं तरी त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. गाठीला लागलेली आग वरून विझल्यासारखी वाटते आणि आत धुमसत राहते. गाठ फोडून पसरल्याशिवाय तिचा भरवसा नसतो.

तिथंही तेच झालं. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवळजवळ ९०० टन पाणी आत ओतलं. पाणी चढलं तसा जळता कापूस दारूगोळ्याच्या दिशेनं वर उचलला गेला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जपाननं बॉम्ब टाकले, असंच मुंबईकरांना वाटलं. त्यात नवल नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी विशाखापट्टणमवर ते पडले होते. इथं मात्र शत्रूचं एकही विमान आलं नव्हतं. युद्धाचा बॉम्ब आपल्याच गोदीत, आपल्याच सरकारच्या हातून फुटला. म्हणूनच की काय, बातमीवर सेन्सॉर बसला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ती दुसऱ्याच दिवशी सांगितली. इथल्या वर्तमानपत्रांना छापायला मे उजाडला.

स्मारकापाशी एक तरुण जवान होता. विचारलं, ‘‘किती गेले होते हो?’’

‘‘सहासष्ट,’’ तो लगेच म्हणाला.

‘‘आणि बाकीचे? गोदीतले, वस्तीतले?’’

तो जरा घुटमळला. ‘‘असतील हजारभर.’’

चूक त्याची नव्हती. कुठलंही पुस्तक उघडा, हाच हिशेब मिळतो. गाठी ८,७००, विटा १२४, जवान ६६. एकूण मेलेले मात्र आठशे ते तेराशे! मधली पाचशे माणसं धरायची की सोडायची, हे आजतागायत ठरलेलं नाही. सोन्याच्या विटा गाळ उपसताना पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या आणि मोजल्या गेल्या. जवानांचा आकडा नेमका, कारण त्यांची नावं हजेरीपटावर होती. गोदीतला कितीतरी मजूर रोजंदारीवरचा. सकाळी मुकादमानं बोट दाखवलं की कामावर, नाहीतर परत. अशा माणसाचा हिशेब मेल्यावर कोण लावणार? गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला तो १९४८ साली.

हे वाचताना बीडच्या माणसाला मुंबई लांबची वाटू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच. बायको तेवढाच ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि वहीत ती नसते. पोरांचं तर विचारूच नका. रात्री ट्रॉली उलटली, कुणी विहिरीत पडलं, की आधी भांडण सुरू होतं ते हे माणूस नेमकं कुणाचं यावरून. कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम नशिबाकडं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, ओळखपत्रंही निघू लागली. चांगलंच आहे. पण महामंडळाची वाट बघत बसायची गरज नाही. यंदा टोळ्या निघतील तेव्हा सरपंच-ग्रामसेवकांनी एवढंच करावं: ट्रॅक्टरवर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, बायका-पोरांसकट, कुठल्या कारखान्याला कुठल्या मुकादमाबरोबर चाललेत त्यासह ग्रामपंचायतीत लिहून घ्यावं. त्याला निधी लागत नाही की ठराव लागत नाही. शंभर पानी वही पुरते.