बरा झालेला माणूस जाणार कोठे?

एकदा ज्याच्यावर वेडाचा शिक्का बसला, तो मरेपर्यंत वेडाच, असा आपल्या समाजाचा अलिखित कायदा आहे. तो धादान्त खोटा आहे; आणि त्याचा पुरावा शोधण्यासाठी विलायतेला जावयास नको. खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याहून शेजारच्या कर्जतला गेले, तरी तो मिळतो!

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याला मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या रुग्णालयात नेले. उपचारांनी तो भानावर आला, तेव्हा कळले, की हा पदवीधर असून त्याचे घर आंध्रात आहे. त्यातून १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली आणि २००६ साली तिचे केंद्र कर्जतला आले. रस्त्यावरून आणलेल्या रुग्णावर तेथे औषधोपचार होतात; काही आठवड्यांनी त्याला गावाचे नाव आठवते, आणि संस्थेचे कार्यकर्ते आगगाडीने त्याला घरी पोहोचवितात. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, तोवर अशी ७,००० हून अधिक माणसे स्वगृही परतली होती. त्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने होते.

आता, हे सर्व 'पूर्ण बरे' झाले काय? येथे शब्द जपून वापरला पाहिजे. भास, संशय, असंबद्ध बोलणे ही लक्षणे ओसरून किमान सहा महिने सौम्यच राहिली, की रोग शमला असे म्हणावे, ही कसोटी तज्ज्ञांनी २००५ साली घातली. पण रोग शमणे निराळे आणि माणूस पुन्हा माणसांत येणे निराळे. पहिले काम बरेचसे औषध करते. दुसरे कोणत्याही गोळीच्या आवाक्यातले नाही. काहींना थोडे भास होत राहतात, तरीही ती माणसे कामावर जातात, संसार करतात. तर काहींची सारी लक्षणे निवळूनही ती माजघराच्या कोपऱ्यात कुजत पडतात. याला रोग जबाबदार की घर? ज्या घरात रुग्णाला उठता-बसता टोचून बोलतात, तेथे हे दुखणे अधिक वेळा उलटते, हे लंडनच्या संशोधकांनी गेल्या शतकातच दाखवून दिले होते. आम्ही मात्र औषध बंद करून अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे वळतो, आणि दुखणे उलटले की नशिबाला बोल लावतो!

मोहोपाड्याचाच एखादा मुलगा उद्या असा बरा होऊन आला, तर काय होईल? रसायनीच्या कारखान्यांवर वाढलेले हे गाव. येथे पुरुषाची किंमत त्याच्या नोकरीवरून ठरते. नोकरी नाही म्हणून मान नाही, मान नाही म्हणून लग्न नाही, आणि मग 'बघा, हा कुठे बरा झालाय?' असे म्हणावयास शेजारी मोकळे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत जे चार टक्के राखून ठेवले, त्यांतील एका टक्क्यात मानसिक आजाराचे रुग्ण इतर काही गटांसह भागीदार आहेत. खाजगी कारखान्याच्या फाटकावर मात्र हे आरक्षण थांबते.

मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने सूचीतील आवश्यक औषधे सरकारी ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात फुकट मिळालीच पाहिजेत, असे बजावले आहे. ती खालापूर-कर्जतच्या रुग्णाला महिन्याच्या महिन्याला, खंड न पडता मिळतात की नाही, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. औषधासाठी रोज बुडवून ठाण्याच्या मनोरुग्णालयाची वाट धरावी लागली, तर गरिबाचे औषध दोन महिन्यांत सुटते.

पाताळगंगेकाठच्या कारखानदारांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. भांडारात, बागेत, नोंदवहीवर, जेथे जमेल तेथे अशा एकेका माणसाला घ्या. त्याच्याकडून पुरते काम घ्या आणि पुरता पगार द्या. फक्त रात्रपाळी लावू नका. झोप मोडली, की हे दुखणे पुन्हा डोके वर काढू शकते.