पूर्वसंचिताचा हिशेब आणि ईश्वराचे चांगुलपण

ईश्वर दयाळू असेल तर जगात एवढे दुःख का, या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर आहे: ज्याचे त्याचे पूर्वसंचित. हे उत्तर अडाण्यांचे नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आक्षेप उघडपणे घेतलेला आहे आणि ईश्वर जीवांच्या कर्मांप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष त्याचा नाही, असा निर्वाळा शंकराचार्य भाष्यात देतात. मग पहिले कर्म कुठून आले? तर संसार अनादि आहे. पण अनादि म्हटल्याने प्रश्न फक्त मागे ढकलला जातो. दुःखाची ही परंपरा मुळात असावीच का, याचे उत्तर मिळत नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा धक्का बसला. तोही पहाटे, लोक झोपेत असताना. तिथले मृत्यू साठच्या आसपास. भूगर्भाच्या रचनेतला फरक जमेस धरूनही मोठे कारण डोळ्यांसमोर आहे: इकडे चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावर मातीचा जड थर, तिकडे बहुतांशी लाकडी सांगाड्याची हलकी घरे. किल्लारीच्या तान्ह्या मुलाचे पाप नॉर्थरिजच्या मुलापेक्षा जास्त होते, असे कशावरून म्हणायचे? कर्मवादी म्हणेल, तसल्या घरात जन्म मिळणे हेच कर्मफळ. मग दारिद्र्यही न्याय्य ठरते. जातीची उतरंड याच युक्तिवादाने शतकानुशतके पवित्र ठरवली गेली, हे विसरता येत नाही.

नास्तिक विचारील, भिंती माणसाच्या, पण जमीन कोणी हलवली? आक्षेप रास्त आहे. नियमाने चालणाऱ्या जगातच माणूस शिकतो आणि सुरक्षित घर बांधतो, एवढे सांगता येते. पण त्यातून एकाही मुलाच्या मृत्यूचे समर्थन होत नाही, आणि श्रद्धेला त्या समर्थनाची गरजही नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुःखाचा उलगडा न होताही त्यांची श्रद्धा टिकली आणि ऋणकोंच्या मुक्ततेच्या रूपाने कृतीत उतरली. ईश्वराचे चांगुलपण मी इथे पाहतो: दुःखाला अन्याय म्हणण्याचे आणि ते हटवण्याचे बळ देण्यात. संचिताच्या कल्पनेने धीर मिळतो, असे काहीजण म्हणतात. स्वतःच्या दुःखापुरता तो धीर कोणी घेत असेल तर त्याच्याशी माझा वाद नाही. पण दुसऱ्याच्या चितेपुढे उभे राहून तेच बोलणे म्हणजे मेलेल्यावर आरोप ठेवणे होय. कीर्तनकार-प्रवचनकारांना माझी कळकळीची विनंती आहे, आपत्तीत सापडलेल्यांना त्यांच्या गतजन्मीच्या पापांविषयी सांगणे थांबवा.